वाचक विचारतात : अंगणातल्या खेळासाठी घरी केलेले खडू, रंग आणि फुगे

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घराबाहेर खेळताना वापरता येतील असे खडू, रंग आणि साबणाचे फुगे घरच्या घरी कसे करावेत, याविषयी बरीच पत्रे आली आहेत. काही पत्रांत एकच अडचण वेगवेगळ्या शब्दांत मांडलेली होती, ती इथे एकत्र केली आहेत. उत्तरे देताना कृतीइतकाच तिच्यामागच्या कारणावर मी भर दिला आहे, कारण ते एकदा ध्यानात आले की एखादी वस्तू हाताशी नसली तरी काम अडत नाही, आणि मूल शेजारी बसून प्रश्न विचारू लागले तर त्याला गप्प करावे लागत नाही. माप म्हणून सर्वत्र वाटी धरली आहे. वाटी कोणतीही चालेल, फक्त एका कृतीत ती बदलू नये.

प्रश्न : प्लास्टर ऑफ पॅरिसचे जाड खडू आम्ही दोनदा करून पाहिले. पहिल्या वेळचे खडू हातातच भुगा होऊन गेले. दुसऱ्या वेळचे दगडासारखे झाले. त्यांनी जमिनीवर ओरखडे उठले, पण रंग काही उमटला नाही. आमचे नेमके काय चुकते आहे?

उत्तर : आपल्याकडून दोन वेगवेगळ्या चुका झाल्या असाव्यात, आणि दोन्ही सुधारण्यासारख्या आहेत. जिप्सम नावाचे खनिज सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की त्यात बांधलेल्या पाण्यापैकी तीन चतुर्थांश पाणी निघून जाते आणि मागे जी पांढरी पूड उरते, ती म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. या पुडीला पाणी मिळाले की ती गमावलेले पाणी परत घेते, तिचे सुईसारखे बारीक स्फटिक तयार होऊन एकमेकांत गुंततात आणि सगळा गोळा घट्ट होतो. चिखल वाळून घट्ट होतो तसे हे नाही. प्लास्टर पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. त्यामुळे पाणी गरजेपेक्षा जास्त झाले, तर ते जादा पाणी स्फटिकांच्या मधे अडकून राहते, नंतर उडून जाते आणि तिथे पोकळ्या उरतात. असा खडू दाबला की भुगा होतो. मिश्रण आळू लागल्यावर ते पुन्हा पुन्हा ढवळले तरी हेच होते, कारण गुंतू लागलेले स्फटिक आपण आपल्याच हाताने मोडत असतो.

दुसऱ्या वेळी आपण रंगासाठी अॅक्रिलिक रंग वापरला असावा, असा माझा अंदाज आहे. अॅक्रिलिक रंग वाळला की त्याचे प्लास्टिक होते आणि ते स्फटिकांना इतके घट्ट धरून ठेवते की खडू झिजतच नाही. खडूचे काम झिजण्याचे आहे. त्यासाठी साधा पोस्टर रंग घ्यावा. दोन वाट्या प्लास्टरला एक वाटी पाणी आणि दोन ते तीन मोठे चमचे पोस्टर रंग हे प्रमाण बहुतेक वेळा बरोबर येते. आधी पाण्यात रंग मिसळावा आणि मग त्यावर प्लास्टरची पूड चाळणीने भुरभुरवावी. पुडीवर पाणी ओतले तर तळाशी कोरड्या गुठळ्या राहतात. मिश्रण दाट ताकासारखे झाले की ढवळणे थांबवावे आणि लगेच साच्यात ओतावे, कारण त्यानंतर हातात साधारण दहाच मिनिटे असतात.

साच्यासाठी कागदी गुंडाळ्यांच्या आतली पुठ्ठ्याची नळी उत्तम. तिच्या आतल्या बाजूने तेलाचा हात फिरवलेला कागद बसवावा, एक तोंड चिकटपट्टीने बंद करावे आणि मिश्रण ओतल्यावर नळी टेबलावर हलकेच दहा-बारा वेळा आपटावी. त्या वेळी मुलांना जवळ बसवून वर येणारे हवेचे बुडबुडे जरूर दाखवावेत. जो बुडबुडा आत राहतो, तिथेच पुढे खडू मोडतो. अर्ध्या तासाने नळीला हात लावला तर ती कोमट लागते. तासाभराने पुठ्ठा सोलून काढावा आणि खडू सावलीत, पण वारा लागेल अशा जागी, दोन ते तीन दिवस वाळू द्यावेत. पहिल्याच दिवशी वापरलेला ओलसर खडू गडद उमटतो खरा, पण लवकर संपतो आणि मोडतोही.

नळीला जी ऊब येते तिच्याविषयी गांभीर्याने लिहिणे भाग आहे. प्लास्टर घट्ट होताना उष्णता बाहेर टाकते आणि मिश्रणाचा साठा मोठा असेल तर त्याचे तापमान ६० अंशांच्या वर जाऊ शकते. इंग्लंडमधील एका शाळेत २००७ साली कलेच्या तासाला एका विद्यार्थिनीने हाताचा ठसा घेण्यासाठी प्लास्टरच्या बादलीत हात बुडवले. ते घट्ट झाल्यावर निघेनात आणि भाजल्यामुळे तिला हातांची बहुतेक बोटे गमवावी लागली. म्हणून प्लास्टरमध्ये हात, पाय किंवा चेहरा कधीही बुडवू नये आणि मुलांनाही हे कारणासह सांगावे. कोरडी पूड मोठ्या माणसाने नाकातोंडावर कापड बांधून मिसळावी. उरलेले मिश्रण मोरीत ओतू नये, ते नळाच्या आत दगड होऊन बसते. भांड्यातच घट्ट होऊ द्यावे आणि मग कचऱ्यात टाकावे.

प्रश्न : कॉर्नफ्लोअर आणि पाणी समप्रमाणात घेऊन केलेला जमिनीवरचा रंग थोड्या वेळात तळाशी बसतो. फवारणीच्या बाटलीत भरला तर तोंड बुजते. खाण्याचा रंग वापरला तर जमिनीवर डाग राहिले.

उत्तर : कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा स्टार्च, आणि स्टार्च थंड पाण्यात विरघळत नाही. त्याचे कण नुसते तरंगत राहतात, म्हणून ते खाली बसणारच. ब्रशने रंगवायचे असेल तर समप्रमाण ठीक आहे. प्रत्येक वेळी ब्रश तळापासून फिरवून घ्यायचा, एवढे मुलांना सांगितले की पुरते. फवारणीसाठी मात्र एक वाटी कॉर्नफ्लोअरला दोन वाट्या पाणी घ्यावे, मिश्रण फडक्यातून गाळून मगच बाटलीत भरावे आणि बाटलीत स्वच्छ धुतलेले दोन-तीन गोटे टाकावेत, म्हणजे हलवताना तळाचा गाळ सुटतो. खेळ संपल्यावर बाटलीतून साधे पाणी फवारून घेतले नाही, तर दुसऱ्या दिवशी तोंड हमखास बुजलेले सापडते.

डागांचे कारण वेगळे आहे. खाण्याचे रंग पाण्यात पूर्ण विरघळतात, त्यामुळे सिमेंट, विटा किंवा लाकूड अशा सच्छिद्र पृष्ठभागांत ते पाण्याबरोबर खोल शिरतात. पोस्टर रंगाचे कण न विरघळणारे असतात, ते वरच राहतात आणि पाण्याच्या माऱ्याने निघून जातात. म्हणून जमिनीवरच्या खेळासाठी पोस्टर रंग किंवा रंगीत खडूचा चुरा घालावा. तरीही कोपऱ्यात तळहाताएवढा ठिपका देऊन तो एक दिवसानंतर धुऊन पाहिल्याशिवाय सगळे अंगण मुलांच्या स्वाधीन करू नये.

प्रश्न : माझा मुलगा दीड वर्षाचा आहे आणि मुलगी सहा वर्षांची. दोघांना एकत्र रंग खेळू द्यावेत असे वाटते, पण धाकटा प्रत्येक वस्तू तोंडात घालतो. अनेक कृतींना "चाखली तरी चालेल अशी" म्हटलेले असते. त्यावर विसंबावे का?

उत्तर : पूर्णपणे विसंबू नये. स्वयंपाकघरातल्या वस्तूंपासून केलेली प्रत्येक गोष्ट खाण्याजोगी असते, हा समज फार पसरला आहे. सर्वांत दुर्लक्षित गोष्ट कच्च्या पिठाची आहे. मैदा किंवा कणीक हे शिजवलेले पदार्थ नाहीत आणि त्यांत रोगजंतू असू शकतात. अमेरिकेत २०१६ साली कच्च्या मैद्यातून ई. कोलाय जिवाणूंची साथ पसरली होती आणि तेव्हापासून मुलांना कच्च्या पिठाच्या गोळ्याशी खेळू देऊ नये असे तिथले आरोग्यतज्ज्ञ बजावत आले आहेत. उपाय सोपा आहे : पिठाचे जे काही करायचे ते शिजवून करावे.

आपल्या दोन्ही मुलांसाठी मी शिजवलेली खळ सुचवेन. एक वाटी कॉर्नफ्लोअर आधी एक वाटी थंड पाण्यात पूर्ण कालवून घ्यावे, एकही गुठळी ठेवू नये. दुसरीकडे तीन वाट्या पाणी उकळत ठेवावे आणि कालवलेले मिश्रण त्यात हळूहळू ओतत सारखे ढवळत राहावे. पांढरे, दुधासारखे पाणी साधारण ६५ ते ७० अंशांच्या आसपास एकाएकी जड होते, पळीला ओढ लागते आणि रंग पालटून काचेसारखा अर्धपारदर्शक दिसू लागतो. स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगले आणि फुटले की असे घडते. सहा वर्षांच्या मुलीला सुरक्षित अंतरावर उभे करून हा क्षण अवश्य दाखवावा. खळ रटरटू लागली की दोन मिनिटांनी आच बंद करावी. पूर्ण थंड झाल्यावर ती वाट्यांत वाटून बिटाचा रस, हळद किंवा पालकाचा रस घातला की बोटांनी रंगवायचा रंग तयार होतो. हळदीचा डाग कपड्यावर बसतो, हे लक्षात ठेवून त्या दिवशी जुनेच कपडे घालावेत.

मळायचा गोळा हवा असेल तर एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, एक मोठा चमचा तेल आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस एकत्र करून मंद आचेवर, मिश्रण पातेल्याच्या कडा सोडून गोळा होईपर्यंत, शिजवावे. मिठामुळे तो टिकतो, पण त्याच मिठामुळे तो खाण्यासाठी नाही. लहान मुलाने चिमूटभर चाखला तर तोच थुंकून टाकतो. मूठभर मात्र पोटात जाता कामा नये. घरात कुत्रा असेल तर हा गोळा त्याच्या वाऱ्यालाही ठेवू नये, कारण एवढे मीठ कुत्र्यांना विषासारखे बाधते. घरात कोणाला गव्हाचे वावडे असेल तर मैद्याऐवजी तांदळाचे पीठ घ्यावे. गोळा थोडा भेगाळतो, पण चालतो.

धाकट्याच्या जवळपासही येऊ नयेत अशा दोन गोष्टी सांगतो. एक बोरॅक्स, म्हणजे धुलाईत वापरली जाणारी क्षाराची पांढरी पूड, जी लिबलिबीत गोळे करण्याच्या कित्येक कृतींत असते. दुसरी म्हणजे पाण्यात टाकल्यावर फुगणारे रंगीत मणी. हे मणी पोटात गेल्यावरही फुगत राहतात, आतड्यात अडकतात आणि त्यामुळे मुले दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. सहा वर्षांच्या मुलीसाठी म्हणूनही ते त्या घरात आणू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : साबणाचे फुगे घरी केले की लगेच फुटतात. विकतच्या द्रावणाचे टिकतात. त्यात असे काय असते?

उत्तर : फुग्याचा पडदा तीन थरांचा असतो : बाहेर साबण, आत साबण आणि मधे पाणी. साबण पाण्याचा पृष्ठताण सुमारे एक तृतीयांशावर आणतो, त्यामुळे पाण्याचा पडदा ताणला जाऊ शकतो. फुगा फुटतो तो बहुतेक वेळा मधले पाणी उडून गेल्याने किंवा खाली ओघळल्याने. म्हणून द्रावणात पाणी धरून ठेवणारा पदार्थ हवा, आणि ते काम ग्लिसरीन करते. सहा वाट्या पाणी, एक वाटी भांडी घासण्याचे द्रवरूप लिक्विड आणि पाव वाटी ग्लिसरीन हे प्रमाण घ्यावे. ढवळताना फेस येऊ देऊ नये. फेस आला तर तो चमच्याने काढून टाकावा, कारण फेसाचा प्रत्येक बुडबुडा मोठ्या फुग्याचा पडदा तोडतो. द्रावण रात्रभर झाकून ठेवले की दुसऱ्या दिवशी ते अधिक चांगले चालते. नळाचे पाणी जड असेल, म्हणजे साबणाला फेस येत नसेल, तर डिस्टिल्ड पाणी घ्यावे.

मोठे फुगे करायचे असतील तर दोन काठ्यांच्या टोकांना सुती दोऱ्याचा सैल फास बांधावा आणि द्रावणात लीटरमागे अर्धा चहाचा चमचा ग्वार गम (गवारीच्या बियांची चिकट पूड), आधी ग्लिसरीनमध्ये कालवून, घालावा. कोरडा गम थेट पाण्यात टाकला तर त्याच्या गुठळ्या होतात आणि त्या कितीही ढवळले तरी मोडत नाहीत. अमेरिकेतील एमरी विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञांनी २०२० साली महाकाय फुग्यांचा अभ्यास करून दाखवले की, अशा पदार्थांतले लांब रेणू एकमेकांत गुरफटून पडद्याला ताणही देतात आणि बळकटीही, आणि कमी-अधिक लांबीच्या रेणूंचे मिश्रण सर्वांत चांगले काम करते.

द्रावण उत्तम असूनही भर दुपारी, कोरड्या वाऱ्यात, फुगा टिकणार नाही. सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर, हवा दमट आणि स्थिर असताना, खेळावे. मुलांना एक गोष्ट शोधायला सांगावी : फिरता फुगा नव्हे, तर फासावर स्थिर धरलेला पडदा. त्यावरचे रंग वरून खाली सरकतात, कारण वरचा भाग पातळ होत जातो. शेवटी अगदी वरच्या कडेला रंग नाहीसे होऊन काळसर पट्टा दिसतो आणि पुढच्या काही क्षणांत पडदा फुटतो. तो पट्टा दिसताच "आता" म्हणून ओरडण्याचा खेळ मुले तासभर खेळतात. जमिनीवर सांडलेले द्रावण घसरडे असते, म्हणून हा खेळ गवतावर किंवा मातीवर ठेवावा. डोळ्यांत गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे.

प्रश्न : मी लहान मुलांचा वर्ग घेते. सुट्टीतल्या शिबिरात तीस मुले असतील. विकतचे रंग न वापरता, आजूबाजूला मिळेल त्यातून रंग करायला शिकवता येतील का? मुले आठ ते दहा वर्षांची आहेत.

उत्तर : आपला प्रश्न वाचून मनापासून आनंद झाला, कारण मातीपासून रंग करणे हे मुलांना देता येईल असे सर्वांत जुने आणि सर्वांत समाधानाचे काम आहे. दक्षिण आफ्रिकेतील ब्लोंबोस गुहेत सुमारे एक लाख वर्षांपूर्वीचे शंख सापडले आहेत आणि त्यांत गेरूची पूड, कोळसा आणि हाडांचा अंश कालवल्याच्या खुणा आहेत. हे संशोधन २०११ साली प्रसिद्ध झाले. कामाला सुरुवात करताना मुलांना हे सांगावे. त्यांच्या हातातली वाटी तेवढ्याने वेगळी दिसू लागते.

कोणत्याही रंगात तीन गोष्टी असतात. रंग देणारी पूड, ती कागदाला धरून ठेवणारा चिकट पदार्थ आणि दोघांना पसरवणारे पाणी. पूड आपण मातीतून मिळवणार आहोत. प्रत्येक मुलाला एक पारदर्शक बरणी द्यावी आणि वेगवेगळ्या जागची, वेगवेगळ्या रंगांची माती आणायला सांगावी. जागा आपण निवडावी : रस्त्याच्या कडेची आणि जुन्या रंगवलेल्या भिंतींच्या पायथ्याची माती घेऊ नये, कारण तिच्यात शिसे असू शकते. वाहनांसाठी शिसेमिश्रित पेट्रोलची विक्री जगातून पूर्णपणे थांबली ती २०२१ साली. पूर्वी पडलेले शिसे मातीतून आपोआप जात नाही, आणि मुलांच्या शरीरात शिसे किती गेले तर चालते, अशी कोणतीही सुरक्षित मर्यादा नाही.

बरणीत तिसरा हिस्सा माती, बाकी पाणी भरून झाकण लावावे आणि जोरात हलवून ठेवून द्यावे. जाड वाळू पहिल्या मिनिटातच खाली बसते. तेवढ्यात वरचे गढूळ पाणी दुसऱ्या बरणीत हलकेच ओतून घ्यावे आणि वाळू मागे सोडावी. या दुसऱ्या बरणीत तास-दोन तासांत पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक गाळ, बसतो. त्याच्या वरचे पाणी तरीही गढूळच असते, कारण सर्वांत बारीक कण खाली यायला पुरता एक दिवस, कधी दोन दिवस घेतात. आपल्याला हवे आहेत ते हेच कण. म्हणून हे पाणी तिसऱ्या बरणीत काढून शांत ठेवावे. दोन दिवसांनी वर नितळ पाणी आणि तळाशी लोण्यासारखा मऊ थर दिसतो. पाणी सावकाश ओतून टाकावे, तो थर ताटलीत पसरून उन्हात वाळवावा, खलबत्त्यात कुटावा आणि वस्त्रगाळ करावा. मुलांना सुरुवातीची माती आणि शेवटची पूड दोन बोटांत चोळून पाहायला सांगावे. पहिली करकरते, दुसरी बोटांच्या रेघांत जाऊन बसते. ही करकर जाईपर्यंत रंग झाला असे समजू नये.

पिवळी माती मिळाली तर आणखी एक गोष्ट करून दाखवता येईल. मातीचा पिवळा रंग पाणी बांधलेल्या लोहसंयुगाचा असतो. ती स्वयंपाकात पुन्हा न वापरायच्या लोखंडी तव्यावर, उघड्यावर, मोठ्या आचेवर बराच वेळ भाजली की ते पाणी निघून जाते आणि माती डोळ्यांदेखत तांबडी होते. भाजण्याचे काम अर्थातच आपण करावे. काळ्यासाठी लाकडी कोळसा आणि पांढऱ्यासाठी खडूचा चुरा पुरतो.

चिकट पदार्थ म्हणून वरच्या उत्तरातली शिजवलेली खळ किंवा पाण्यात रात्रभर भिजवलेला डिंक वापरावा. एक चमचा पूड आणि एक चमचा खळ यांपासून सुरुवात करून गरजेप्रमाणे पाणी घालावे. जुन्या चित्रकारांप्रमाणे अंड्याचा बलक वापरता येतो, पण कच्चे अंडे तीस मुलांच्या हातांत देणे आरोग्याच्या दृष्टीने मला योग्य वाटत नाही. चित्र वाळल्यावर बोट फिरवून पाहावे. पूड बोटाला लागली तर खळ कमी पडली आहे, आणि रंगाला भेगा पडल्या तर ती जास्त झाली आहे. मुले दोन प्रयत्नांत आपापले प्रमाण शोधून काढतात, ते आपण आधी सांगून टाकू नये.

ब्रशही त्यांनाच करू द्यावेत. पेन्सिलीएवढी जाड हिरवी काडी घ्यावी, तिचे एक टोक दगडाने हलकेच ठेचावे आणि तंतू मोकळे होईपर्यंत पाण्यात धुवावे. काडी ओळखीच्या, बिनविषारी आणि चीक न येणाऱ्या झाडाची असावी, कारण काही झाडांच्या चिकाने त्वचा भाजते. तीस मुलांना कागद पुरणार नाहीत अशी शंका असेल तर दोन झाडांमध्ये दोरी बांधून जुनी चादर टांगावी. उभ्या कापडावर रंगवताना मुलांचा सगळा हात खांद्यापासून फिरतो आणि चित्रेही मोठी होतात.

प्रश्न : उरलेले रंग किती दिवस ठेवावेत?

उत्तर : खळीचा रंग उन्हाळ्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबतो, फ्रिजमध्ये झाकून ठेवला तर आठवडाभर चालतो. वास बदलला, वर पाणी सुटून तार आली किंवा बुरशीचा ठिपका दिसला, तर सगळाच टाकून द्यावा, वरचा भाग काढून खालचा वापरू नये. शिजवलेला मिठाचा गोळा घट्ट झाकणाच्या डब्यात काही आठवडे टिकतो. मातीची कोरडी पूड कितीही वर्षे राहते, म्हणून खळ रोज थोडी करावी आणि पूड साठवावी.

प्रश्न : मुलीला प्रत्येक रंगात चमकी हवी असते. घालावी का?

उत्तर : बाहेरच्या खेळात घालू नये. बाजारातली बहुतेक चमकी प्लास्टिकची असते, ती मातीत आणि पाण्यात जाते आणि पुन्हा गोळा करता येत नाही. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून प्लास्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर बंदी घातली आहे. रंग ओला असताना त्यावर जाड मीठ भुरभुरवले तर वाळल्यावर ते उन्हात लुकलुकते, आणि भोवतीचा रंग शोषून घेऊन चांदण्यांसारख्या नक्षीही उमटवते. तिला तो बदल आवडेल असे वाटते.

प्रश्न : कपड्यांवरचे आणि हातांवरचे डाग कसे काढावेत?

उत्तर : आधी थंड पाणी, नंतर साबण. मातीच्या रंगाचा डाग पूर्ण वाळू द्यावा, झटकावा आणि मगच धुवावा. ओला असताना चोळला तर तो धाग्यांत आणखी आत जातो. खाण्याचे कृत्रिम रंग प्रथिनांना चिकटतात, म्हणून ते सुती कापडापेक्षा लोकर, रेशीम आणि आपल्या त्वचेवर अधिक घट्ट बसतात. हातांवरचा असा डाग दोन-तीन दिवसांत आपोआप जातो, त्यासाठी मुलांची कातडी खरवडू नये.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. खडू आणि फुगे त्याला आता लहान मुलांचे खेळ वाटतात. त्याला उन्हाळ्यात बाहेर रमवील असे काही आहे का?

उत्तर : त्याला ऊन हेच साहित्य म्हणून द्यावे. वनस्पतींच्या रसांचा रंग उन्हात उडतो, हे आपण पडद्यांवर आणि कपड्यांवर एरवी नुकसान म्हणून पाहतो. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ साली याच गुणाचा उपयोग करून फुलापानांच्या रसांवर उन्हाने चित्रे उमटवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांच्याच निळ्या छायाचित्रांच्या पद्धतीने अॅना अॅटकिन्स यांनी १८४३ पासून समुद्रशैवालांच्या प्रतिमा तयार केल्या. त्या निळ्या पद्धतीला रसायने लागतात. रसाच्या पद्धतीला फक्त पालेभाजी, कागद आणि धीर लागतो.

मूठभर पालक किंवा बिटाचा तुकडा अगदी थोड्या पाण्यात वाटून, फडक्यातून पिळून रस काढावा. जाड, रंग शोषणाऱ्या कागदावर तो ब्रशने लावावा, अंधाऱ्या खोलीत वाळू द्यावा आणि असे तीन हात द्यावेत. वाळलेल्या कागदावर एखादे सपाट पान, पीस किंवा काळ्या पुठ्ठ्यातून कातरलेली आकृती ठेवावी, वरून काच दाबून चारही बाजूंना चिमटे लावावेत आणि सर्व उन्हात ठेवावे. काचेच्या कडा आधी चिकटपट्टीने झाकून घ्याव्यात. मुलाने स्वतः उन्हात थांबायचे नाही, चित्राने थांबायचे आहे. अतिनील निर्देशांक, म्हणजे त्वचा भाजणाऱ्या किरणांची तीव्रता सांगणारा आकडा, ३ किंवा त्याहून जास्त असेल तर त्वचेला संरक्षण लागते, आणि उन्हाळ्यात भर दुपारी तो त्याच्या कितीतरी वर असतो.

चित्र कधी काही तासांत होते, कधी दोन-तीन दिवस घेते. हे रसावर, कागदावर आणि उन्हावर अवलंबून आहे, म्हणून त्याला एकाच रसाच्या चार पट्ट्या कराव्या लागतील आणि रोज संध्याकाळी एकेक पट्टी आत आणावी लागेल. पट्टीच्या मागे रसाचे नाव, किती हात दिले आणि ऊन किती तास मिळाले याची नोंद पेन्सिलीने करावी. पान उचलताना ते एकदम ओढू नये. एका कोपऱ्यातून सोडवावे, म्हणजे आधी देठाची गडद रेघ, मग शिरा आणि शेवटी दातेरी कड मोकळी होते आणि भोवतीचा कागद फिकट पडलेला दिसतो.

हे चित्र कायमचे पक्के करण्याची पद्धत नाही, कारण ज्या उन्हाने ते काढले तेच ते पुसतही राहते. भिंतीवर लावले तर काही आठवड्यांत जाईल. जाड पुठ्ठ्याच्या वहीत मिटून ठेवले आणि पाहण्यापुरते सावलीत उघडले, तर ते बराच काळ राहते.